भवानीनंतर, दिवेलागणीआधी

पहाटे ४.४५

नळाला पाणी पाचला येतं, म्हणून मी पावणेपाचला उठते. पर्वतीच्या पायथ्याला आमच्या गल्लीत सात घरांना दोन नळ. पाच मिनिटं उशीर झाला की शेवटचा हंडा आपला, आणि मग दिवसभर सगळंच मागे पडत जातं. शेजारच्या वहिनी माझ्याही आधी येऊन उभ्या असतात. आमचं दिवसातलं पहिलं बोलणं दोन हंड्यांच्या मधल्या वेळात होतं.

मी पिग्मी एजंट आहे. एका पतसंस्थेसाठी रोज फिरून लोकांकडून दहा, वीस, पन्नास, काहींकडून त्याहून बरेच जास्त रुपये गोळा करते. माझी चौऱ्याऐंशी खाती आहेत. चांगल्या दिवशी नऊ हजारांच्या आसपास जमतात. कमिशन शेकडा तीन, म्हणजे दिवसाचे दोनशे सत्तर रुपये, तेही महिन्याच्या शेवटी. त्यात भागत नाही, म्हणून सकाळी दोन घरी पोळ्या करते. मिस्टर रात्रपाळीला सिक्युरिटीत आहेत. मुलगी यंदा बारावी झाली; जूनमध्ये कॉलेजची फी भरायची आहे. आज मे महिन्यातला शेवटचा शनिवार.

रात्री भिजवलेली डाळ कुकरला लावते. भिजवलेली डाळ दोन शिट्ट्यांत शिजते, नाहीतर पाच लागतात. नवा सिलिंडर लावला की ‘कालनिर्णय’वर त्या तारखेला गोल करायचा, ही सासूबाईंची सवय. मागचा सिलिंडर एक्केचाळीस दिवस गेला. याचा मला अभिमान आहे, पण याला मी बचत म्हणत नाही. ही काटकसर. शिट्ट्यांत वाचलेले पैसे मला कधी हातात दिसले नाहीत. ते भाजीत किंवा मोबाइलच्या रिचार्जमध्ये विरघळून गेले. वाचलेला पैसा त्याच दिवशी उचलून दुसरीकडे ठेवला नाही, तर तो वाचलेला नसतो, फक्त दुसऱ्या वाटेनं खर्च झालेला असतो.

६.३०

सहकारनगरात पोळ्यांची दोन घरं. एकीकडे चौदा पोळ्या, दुसरीकडे दहा आणि दोन भाकऱ्या.

पहिल्या घरातले काका बँकेतून निवृत्त झालेत. मी पिग्मी गोळा करते हे कळल्यापासून त्यांना माझी काळजी वाटते. “किती व्याज देता तुम्ही लोक?” मी म्हटलं, वर्ष पूर्ण केलं तर चार टक्के. काका हसले. पोस्टात आरडीला ६.७ टक्के आहेत आणि महिन्याला शंभर रुपयांपासून उघडता येते. “मग लोक तुमच्याकडे कशाला भरतात? अडाणीपणा आहे.”

लाटणं हातात होतं म्हणून गप्प बसले. काकांची पेन्शन एक तारखेला खात्यात पडते. पाच तारखेला त्यातून एसआयपी आपोआप कापली जाते. पैसा येतो आणि साठतो, यात काकांचा हात कुठेच लागत नाही. माझ्या चौऱ्याऐंशी माणसांचा पैसा मात्र हातातूनच येतो, दहा-वीसच्या नोटांनी, आणि हातातूनच जातो. मधे तो किती वेळ हातात असतो, हे काकांच्या कागदावर येत नाही. मी रोज तेवढंच बघत फिरते.

९.४५

पायथ्यापासून मंडईपर्यंत चालत. सारसबाग, मग बाजीराव रस्त्यानं सरळ शनिपार. ऊन नसेल तर पस्तीस मिनिटं, मे महिन्यात चाळीस. २०२५ च्या जूनपासून बसचं कमीत कमी तिकीट पाचाचं दहा झालं, तेव्हापासून जाताना चालतेच. मंडईत पोचल्या पोचल्या ते दहा रुपये पर्सच्या आतल्या चेनच्या कप्प्यात सरकवते. पोचल्यावर लगेच. संध्याकाळी टाकू म्हटलं, तर संध्याकाळपर्यंत त्या दहाचा वडापाव झालेला असतो.

१०.३०

मंडईत याच्या आधी येण्यात अर्थ नसतो. भवानी झाल्याशिवाय कुणी गल्ल्यातून एक रुपया बाहेर काढत नाही, आणि नवीन असताना मी ही चूक केली होती. सकाळी साडेआठला एका बटाटेवाल्यापुढे जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी दोन दुकानं सोडून मागे सरले. पुढे आठ दिवस त्यांनी पिग्मी दिली नाही. दुसरी मर्यादा संध्याकाळची. दिवेलागणीला लक्ष्मी घराबाहेर देत नाहीत. उन्हाळ्यात दिवे सातला लागतात, थंडीत सहाला. माझा दिवस त्याप्रमाणे लांबतो, आखडतो. काही जण शुक्रवारीही हात आखडता घेतात.

म्हणजे भवानीनंतर आणि दिवेलागणीआधी. त्यातही दुपारी दोननंतर मालाचे, टेम्पोचे आणि चहाचे पैसे देऊन झालेले असतात. नोट हातात असते आणि तिला अजून कुणी नाव दिलेलं नसतं, असे प्रत्येकाच्या दिवसात एक-दोन तासच असतात. चौऱ्याऐंशी माणसांचे ते तास मला पाठ आहेत. माझा धंदा एवढाच.

महात्मा फुले मंडईची अष्टकोनी दगडी इमारत १८८६ सालची. आतले गाळेवाले हॉटेलांना माल देतात, त्यांची भवानी लवकर होते. म्हणून आधी आत, मग बाहेरच्या पथारीवाल्यांकडे.

पथारीवरच्या कोथिंबीरवाल्या आजी रोज वीस रुपये देतात. मी दिसले की आधी समोरच्या गिऱ्हाइकाची जुडी देतात, मग गोणपाटाचा कोपरा उचलतात. खाली प्लास्टिकच्या पिशवीत चिल्लर. त्यातली दहाची दोन नाणी माझ्यासाठी आदल्या दिवसापासून बाजूला काढलेली असतात, कारण पुण्यात अजून पुष्कळ लोक दहाचं नाणं घेत नाहीत. रिझर्व्ह बँकेनं सगळी नाणी चालतात असं सांगून झालं, तरी गिऱ्हाईक नाक मुरडतं. आजींनी यातून वाट काढली आहे: जे नाणं बाजारात अडतं ते पिग्मीत टाकायचं.

मी मोबाइलमध्ये रक्कम टाकते, कमरेच्या छोट्या प्रिंटरमधून पावती निघते. आजी ती घेतात आणि कमरेची वही पुढे करतात. “तुझ्या कागदावरचं उडून जातं गं. हितं सही कर.” त्यांचं खरं आहे. त्या कागदावरची अक्षरं उन्हाळ्यात तीन महिन्यांत पुसट होतात. वहीत तारीख, वीस, माझी सही. ही तिसरी वही.

बाकी मंडईत रोजची भाषा ठरलेली आहे. “आज राहू दे ताई, उद्या दोन दिवसांचे घे.” हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा ऐकते. सुरुवातीला ऐकून पुढे जायची. मग लक्षात आलं, की उद्या दोन दिवसांचे कधीच मिळत नाहीत. उद्या पुन्हा एकाच दिवसाचे असतात, आणि तेही नसले तर माणूस मला चुकवायला लागतो. चार दिवस चुकवलं की खातं बंद पडलंच समजा. आता मी जागची हलत नाही. “वीस नको, दहा तरी द्या.” आणि दहा मिळतात. दहानं खात्यात फार भर पडत नाही, पण माणूस तुटत नाही.

११.४५

लिंबूवालीचा हिशेब मी कुणालाही सांगते, काकांनाही एकदा सांगणार आहे.

ती मंडईच्या मागच्या बाजूला बसते. दोन वर्षांपूर्वी रोज पहाटे मार्केट यार्डात जाऊन माल आणायची तो उसन्या पैशावर. एक माणूस पहाटे नऊशे रुपये हातावर ठेवायचा आणि संध्याकाळी हजार घेऊन जायचा. कागद नाही, जामीन नाही, अपमानही नाही. तिला तो देवमाणूस वाटायचा. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर सव्वीसशे रुपये ती फक्त नऊशे रुपये वापरायला देत होती.

मी तिला व्याजाचं काही बोलले नाही. फक्त म्हटलं, मला रोज वीस दे, नऊशे झाले की काढून घे. पंचेचाळीस दिवस लागले. त्यात सहा दिवस तिनं तोंड फिरवून दिले, दोन दिवस रडत. आमच्या संस्थेत सहा महिन्यांच्या आत पैसे काढले तर व्याज नाही, उलट शेकडा तीन कापतात. नऊशेवर सत्तावीस रुपये गेले. मला वाटलं भांडेल. तिनं आठशे त्र्याहत्तर मोजून घेतले, वरचे सत्तावीस गल्ल्यातून घातले आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाला म्हणाली, “आज नको.”

त्या दिवसापासून तिचे दिवसाला शंभर रुपये वाचायला लागले. कुठल्या बँकेत नऊशे रुपयांवर रोज शंभर मिळतात? वीस रुपये रोज वर्षभर भरले, तर सहा हजारांवर मी तिला व्याज देणार सव्वाशेच्या आसपास. काका बघतात तो हा आकडा. तिची कमाई दुसरीकडेच होती.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. मागच्या पावसाळ्यात तिच्या मुलाला डेंग्यू झाला आणि नऊशेचं भांडवल चार दिवसांत औषधात गेलं. पाचव्या दिवशी पहाटे तो माणूस तिथंच उभा होता. पुन्हा वीस-वीस. यंदाच्या मार्चमध्ये पुन्हा सुटली. आता ती रोज चाळीस देते, कारण तिनं दोन खाती केली आहेत: एक भांडवलाचं आणि एक, तिच्याच शब्दांत, “तापाचं”.

फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी योजना २०२० मध्ये आली. पहिलं कर्ज दहा हजारांचं होतं, आता पंधरा हजारांचं आहे. माझ्या बारा-तेरा गिऱ्हाइकांचे अर्ज भरायला मी मदत केली. ज्यांच्याकडे पालिकेचं प्रमाणपत्र होतं त्यांचं काम झालं. लिंबूवालीचं प्रमाणपत्र सासूच्या नावावर आहे, सासू गावी आहे. तिचा अर्ज तिथंच अडलाय.

१.१५

दुपारची फेरी हमालांच्या बाजूला. डबा नसेल त्या दिवशी जेवण ‘कष्टाची भाकर’मध्ये. हमाल पंचायतीनं १९७४ मध्ये सुरू केलेलं हे केंद्र. बाबा आढावांनी हमालांना संघटित केलं, त्यातून उभं राहिलेलं. इथं भाकरी-भाजी पोटभर आणि खिशाला झेपेल अशी मिळते. अर्धी बचत इथंच होते, असं एक हमालकाका म्हणतात.

या हमालकाकांकडे माथाडी मंडळाचं कार्ड आहे. १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे त्यांची मजुरी मंडळातून मिळते आणि व्यापाऱ्यानं भरलेल्या लेव्हीतून त्यांचा प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी जमा होते. काकांनी आयुष्यात स्वतःहून एक रुपया साठवलेला नाही आणि तरी त्यांच्या मुलीचं लग्न फंडातून झालं. पैसा त्यांच्या हातात पडण्याआधीच बाजूला निघत होता. पेन्शनवाल्या काकांची एसआयपी आणि हमालकाकांची लेव्ही, गंमत म्हणजे, एकाच जातीची. कोथिंबीरवाल्या आजींना कुणी मालक नाही, म्हणून लेव्ही नाही. तिथं मी जाते.

ही कल्पना काही माझ्या संस्थेची नव्हे. १९२५ मध्ये उडुपीला डॉ. टी. एम. ए. पै आणि त्यांच्या साथीदारांनी एक छोटी बँक काढली, तीच पुढची सिंडिकेट बँक. हातमाग अडचणीत आल्यानं विणकरांचे हाल होत होते. १९२८ मध्ये त्यांनी पिग्मी ठेव सुरू केली: माणूस घरोघरी जाणार आणि रोज अगदी दोन आणेसुद्धा घेणार. आता ती बँकही राहिली नाही, २०२० मध्ये कॅनरा बँकेत गेली. ‘पिग्मी’ शब्द मात्र आपल्याकडच्या पतसंस्थांमध्ये मुरला. आम्ही गोळा करणारे कामगार आहोत की नुसते कमिशनवाले, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००१ मध्ये न्यायालयानं बँकांच्या ठेव गोळा करणाऱ्यांना कामगार म्हटलं. आमच्या संस्थेत तो निकाल कुणी मोठ्यानं वाचलेला नाही.

२.४५

इस्त्रीवाले, टेलर, रिक्षा स्टँड, दोन चहाच्या टपऱ्या. हा पट्टा अलीकडे अवघड झालाय. पूर्वी चहावाल्या भाऊंच्या गल्ल्यात दुपारी दोन हजारांची रोकड असायची. आता टपरीवरचा डबा ओरडतो, “दहा रुपये प्राप्त झाले.” पैसे येतात, पण दिसत नाहीत. भाऊ म्हणतात, “ताई, आता खात्यातच साठतंय की, तुम्ही कशाला?” महिन्याच्या शेवटी बघितलं, तर खात्यातून मोबाइलचा हप्ता, गाडीचा हप्ता आणि रात्री झोप येत नव्हती तेव्हा मागवलेलं काहीबाही गेलेलं. गल्ल्यातून पैसे काढताना बायको बघायची. फोनमधून जाताना कुणी बघत नाही.

मे महिन्याच्या शेवटी मी या पट्ट्यात एक जास्तीचं काम करते, त्याचं मला कमिशन नाही. जीवन ज्योती विम्याचे वर्षाचे ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचे २० याच दिवसांत बँक खात्यातून कापून घेते. दोन्ही दोन-दोन लाखांचे; पहिला कोणत्याही कारणानं मृत्यू झाला तर, दुसरा अपघाताचा. खात्यात त्या दिवशी ४५६ नसले तर कापणार काय? विमा तिथंच तुटतो आणि माणसाला पत्ताही नसतो. म्हणून प्रत्येकाला विचारते, “खात्यात साडेचारशेच्या वर आहेत ना?” रिक्षावाले दादा आज म्हणाले, “परवा होते.” त्यांना तिथंच उभं करून फोनवर बघायला लावलं. दोनशे बारा. पुढच्या दोन सीटांचे पैसे थेट खात्यात घेतो म्हणाले. सोमवारी पुन्हा विचारीन.

लाडक्या बहिणीचे दीड हजार २०२४ पासून येतात. त्यांचीही तीच तऱ्हा. एकदम आले की एकदम जातात. टेलरकडे काजं-बटण करणाऱ्या ताईंनी यावर तोडगा काढलाय. पैसे जमा झाल्याचा मेसेज आला की त्या आधी मला फोन करतात, मग घरी सांगतात.

४.१५

रसवंतीसमोरच्या कट्ट्यावर दहा मिनिटं बसते. इथं बसलं की मला गजरेवाल्या मावशी आठवतात.

पंधरा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका पतसंस्थेची एजंट होते. काचेचं ऑफिस, भिंतीवर पुढाऱ्यांचे फोटो, दिवाळीला स्टीलचे डबे वाटप. एका सोमवारी पैसे भरायला गेले तर शटर अर्धं खाली. आत कारकून म्हणाला, “दोन दिवस थांबा.” ते दोन दिवस अजून चालू आहेत. मोठ्यांनी कर्जं घेतली होती, ती फिटली नाहीत, एवढंच आम्हाला कळलं. माझं स्वतःचं डिपॉझिट गेलं. पण त्याचं दुःख करायलाही फुरसत नव्हती, कारण दुसऱ्या दिवशी मला त्याच रस्त्यानं जायचं होतं.

माझ्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्यांना संस्थेचं नाव नीट सांगता येत नव्हतं. त्यांनी पैसे संस्थेला दिलेच नव्हते, मला दिले होते. गजरेवाल्या मावशींचे चार हजार दोनशे होते. त्या भांडल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, “तू रोज यायचीस म्हणून दिले गं.” मी त्यांना महिन्याला तीनशे देत चौदा महिन्यांत ते फेडले. बाकीच्यांचे नाही फेडू शकले. दोन गल्ल्या अशा आहेत, जिथून मी आजही जात नाही.

म्हणून आता एक गोष्ट करते, जी आमच्या मॅनेजरना माहीत नसलेली बरी. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण आहे, सहकारी बँकेलाही आहे. पतसंस्थेला ते नाही. आमची सध्याची संस्था चांगली आहे, माझी काही तक्रार नाही. पण त्या काचेच्या ऑफिसाबद्दलही माझी तक्रार नव्हती. एखाद्याच्या खात्यात दहा हजारांच्या वर गेले की मी हळूच सांगते, “आता हे काढा आणि बँकेत नाहीतर पोस्टात एफडी करा. माझ्याकडे पुन्हा वीसपासून सुरू करा.” पोस्टाचा फॉर्म माझ्या पिशवीत असतो. मी साठवायला शिकवते, ठेवायला नाही. ठेवायची जागा वेगळी.

५.४५

शेवटचा फेरा. मंडईत संध्याकाळची गर्दी सुरू झालेली असते, कुणाला बोलायला वेळ नसतो. सकाळी “दुपारी या” म्हणालेले आणि दुपारी “संध्याकाळी बघू” म्हणालेले अकरा जण उरलेत. सात मिळाले. एक लसूणवाले मला बघून खाली वाकून लसूण निवडायला लागले. मी पण वाकले. दहा रुपये मिळाले आणि दोघंही हसलो.

साडेसहाला गाळ्यांमधून उदबत्तीचा वास यायला लागतो. आता मागायचं नाही.

६.४५

शाखेत हिशेब. मोबाइलमध्ये दिवसाचे ८,७६०. पिशवीतले मोजले: ८,७१०. पुन्हा मोजले. नाणी वेगळी, वीसच्या वेगळ्या, ओल्या नोटा वेगळ्या. ८,७१०.

पन्नास रुपये कमी. कुठे गेले तेही लगेच कळलं. चहावाल्या भाऊंनी पन्नासची नोट दिली आणि बोलण्याच्या नादात मी शंभर टाकले. ते डब्याबद्दल बोलत होते, मी दोनशे बारा रुपयांचा विचार करत होते. पावती निघाली की ती रक्कम माझी, हा नियम आहे आणि तो बरोबरच आहे. सोमवारी भाऊ पावती दाखवतील तर दुरुस्ती होईल, आणि ते दाखवतील. पण आजचा भरणा आज पुरा व्हायला हवा. पर्समध्ये दोनशे वीस होते, त्यातले पन्नास काढून दिले. कॅशिअरनं शिक्का मारला.

आजचं कमिशन दोनशे बासष्ट रुपये ऐंशी पैसे. ते मला तीस तारखेनंतर दिसेल.

८.१५

येताना बसनं आले, दहा रुपये. दूध तीस. मिस्टर कामावर गेलेले. मुलीनं आमटी-भात करून ठेवला होता. ती मोबाइलवर कॉलेजांच्या फी बघत होती आणि प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचत नव्हती, हे मला कळलं.

तिनं मागे एकदा विचारलं होतं, “आई, तू तुझी पिग्मी का नाही भरत?” भरली होती. तीनदा उघडली आणि तीनदा मोडली. माझीच पिशवी, माझाच मोबाइल, पावतीही मीच काढणार आणि मीच घेणार. स्वतःच्या उजव्या हातातून डाव्या हातात दिलेले पैसे गेलेले वाटतच नाहीत. गरज लागली की डावा हात लगेच परत करतो. चेनच्या कप्प्यातले दहा-दहा रुपये टिकतात तेही सहा आठवडे, मग काहीतरी निघतंच. सगळे दर, सगळे नियम मला पाठ आहेत, आणि त्यांचा इथं काही उपयोग झाला नाही.

म्हणून मी भिशीत आहे. गल्लीतल्या आम्ही बारा जणी, आठवड्याला दोनशे. दर शनिवारी चोवीसशे जमतात आणि चिठ्ठीत जिचं नाव निघेल तिला मिळतात. व्याज शून्य. माझी चिठ्ठी अजून निघालेली नाही, पाच आठवडे राहिलेत. फीच्या आधी निघाली तर देवच पावला. भिशी सांभाळतात शेजारच्या वहिनी. चार घरी धुणीभांडी करतात, शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या, पण त्यांच्या वहीत खाडाखोड सापडत नाही.

९.१५

कडी वाजली. वहिनी वही काखेत घेऊन उभ्या होत्या.

पर्समध्ये एकशे तीस होते, आणि कप्प्यात आजचे दहा. कप्पा परवाच दप्तरासाठी रिकामा झाला होता.

“वहिनी, आज राहू द्या,” मी म्हटलं, “उद्या देते सगळे.”

बोलून झाल्यावर मलाच ऐकू आलं, मी काय बोलले ते. मुलगी आतून फसकन हसली.

वहिनी हसल्या नाहीत. जागच्या हलल्याही नाहीत. “शंभर तरी द्या.”

मी शंभरची नोट दिली. त्यांनी उंबऱ्यावर टेकून वहीत माझ्या नावापुढे शंभर लिहिले आणि शेजारी एक टिंब केलं.

“उरलेले शंभर?”

“उद्या…” मी म्हटलं, “मुलीचे बाबा सकाळी आले की.”

“ते आठला येतात. आठला मी कामावर असते,” वहिनी वही मिटत म्हणाल्या. “त्यांना आत्ता फोन करून सांगा, पैसे कुठं ठेवलेत ते विचारा. मी पाचला नळावर घेते.”